सावलीत ठेवलेलं मशीन

प्रेमिला तितरमारेला मशीन सुरू करताना पाहायचं असेल तर सवड काढून जावं. घाईच्या माणसाचं ते काम नाही. आधी ती अंगणभर फिरून जमीन सपाट कुठे आहे ते पाहते. मग इंजिनाचं ऑइल तपासते. हवेच्या टाकीच्या बुडाशी एक छोटा कॉक असतो, तो उघडून आत साचलेलं पाणी काढते. प्रेशर फार वाढलं तर आपोआप हवा सोडणारा वॉल्व असतो, त्याची कडी ओढून तो जिवंत आहे ना याची खात्री करते. पट्ट्यावरची जाळी हलवून बघते. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट, पदर कमरेला घट्ट खोचलेला, कानांत कापसाचे बोळे आणि नाकातोंडावर दुपट्टा. एवढा सगळा थाट झाल्यावर ती दोरी ओढते आणि ते पेट्रोलचं एअर कॉम्प्रेसर फटफटायला लागतं.

ज्याचा कूलर रंगवायचा असतो तो मालक तोवर दोनदा घड्याळ बघून झालेला असतो. "बाई, एवढ्या वेळात तर माझा कूलर रंगूनही झाला असता," असं एकाने म्हटलंच. प्रेमिला कापूस लावलेल्या कानांनीही नेमकं तेवढं ऐकते. ती म्हणाली, "कूलर रंगवाले वेळ लागते साहेब. जीव जाले नाही लागत." नागपुरात माणूस कूलरशिवाय राहू शकत नाही, त्यामुळे कूलरवालीशी वाकड्यात शिरायचं धाडस सहसा कोणी करत नाही.

ज्यांनी हे प्रकरण पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. नागपूरचा कूलर म्हणजे खिडकीच्या बाहेर, लोखंडी स्टँडवर उभा केलेला हा एवढा मोठा पत्र्याचा डबा. तीन बाजूंना वाळ्याच्या जाळ्या, त्यांवरून पाणी ठिबकतं, आणि आतला पंखा बाहेरची हवा त्या ओल्या जाळ्यांमधून ओढून खोलीत फेकतो. आठ महिने तो गच्चीवर नाहीतर जिन्याखाली गंजत पडतो. फेब्रुवारी सरला की त्याची आठवण होते. मग क्षाराचे पापुद्रे काढा, हवेच्या झोताने कोपऱ्यातली राख उडवा, गंज घासा, लाल प्रायमर मारा, त्यावर चंदेरी रंगाचा फवारा. कोराडी रोडला राखेचं विशेष. वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात तिथवर कूलरच्या प्रत्येक सांदीत राख सापडते, आणि ती नुसत्या फडक्याने निघत नाही, तिला हवेचा झोतच लागतो.

प्रेमिला मूळची कुहीकडची, धानाच्या बांधांवर वाढलेली. लग्न होऊन कोराडीला आली ती शालिकरामच्या मागे. शालिकराम तेव्हा राख वाहून नेण्याच्या कामावर ठेक्याने होता. ठेका गेला तेव्हा त्याने कूलर रंगवायला घेतले. आधी त्याच्याजवळ विजेवर चालणारं कॉम्प्रेसर होतं. एका घरी ओल्या अंगणात, ओल्या कूलरला टेकून, जोड दिलेल्या वायरीवर ते चालवताना त्याला करंट लागला. दर उन्हाळ्यात या शहरात कूलरच्या करंटने माणसं जातात, तो गेला नाही एवढंच. पण उजव्या हाताला कायमची थरथर राहिली. रंगाची गन धरली की चंदेरी रेघ नागमोडी जायची.

आठ दिवस तो भिंतीकडे तोंड करून पडून होता. नवव्या दिवशी प्रेमिला म्हणाली, "अवो, गन मी धरतो. तुमी नुसते सांगत जा."

"तुले जमन का वं?"

"धान रोवता रोवता कंबर मोडली माही, तवा कोनं इचारलं होतं जमन का म्हनून?"

जमलं. आणि वीज नको म्हणून पेट्रोलवरचं मशीन घ्यायचं ठरलं. ते मिळालं खापरखेड्याला, चंपतरावांकडे.

चंपतराव हे इंजिनांचे जुने कारागीर. सत्तरी ओलांडलेली, अंगात मळका बंडी-पायजमा, आणि स्वभाव असा की गिऱ्हाईक आलं तर कपाळाला आठी पडायची. जुनं मशीन त्यांनी स्वतः उघडून, घासून, नवा पट्टा घालून ठेवलं होतं. पैसे घेतले आणि म्हणाले, "मशीन नेता येणार नाही."

शालिकराम चक्रावला. "म्हंजे?"

"म्हंजे ही बाई चालवणार ना? मंग आठ दिवस ती इथं येईल. शिकल. मंग नेजो."

शालिकरामने वाद घालून पाहिला. गाढवापुढे वाचली गीता. शेवटी प्रेमिला आठ दिवस कोराडीहून खापरखेड्याला ऑटोने जात राहिली. चंपतरावांनी तिला काय शिकवलं नाही! हवेची नळी कोणाच्या अंगावर धरायची नाही, गमतीतही नाही. चामडीखाली हवा शिरली तर माणूस फुगतो आणि मरतो. केस आणि पदर पट्ट्याजवळ न्यायचे नाहीत. पेट्रोलची टाकी उन्हात तापू द्यायची नाही, मशीन नेहमी सावलीत ठेवायचं. घरात, शेडमध्ये, पोर्चमध्ये ते कधीच चालवायचं नाही. "त्याचा धूर दिसत नाही, वास बी धड येत नाही, पन झोपेत नेते माणसाले," ते म्हणायचे. आणि सगळ्यात मोठी ताकीद पेट्रोलची. इंजिन गरम असताना त्यात पेट्रोल ओतायचं नाही. बंद झालं की पंधरा मिनिटं हात बांधून बसायचं. हे सांगताना ते आपल्या डाव्या हाताची बाही वर करायचे. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी आवळून आलेली होती. त्याहून जास्त स्पष्टीकरण त्यांना कधी द्यावं लागलं नाही.

"पंधरा म्हंजे पंधरा, पोरी. चवदा नाही."

"हो काका."

"अन् गिऱ्हाईक ओरडलं त?"

"ओरडू देईन."

"शाब्बास. ने आता मशीन."

प्रेमिला शब्दाला जागणारी बाई. पण खरं सांगायचं तर त्या पंधरा मिनिटांचा तिला मनापासून राग यायचा. दिवसाला तीन वेळा पेट्रोल संपायचं, म्हणजे पाऊण तास नुसतं माशा मारत बसणं. शालिकराम म्हणायचा, भर ना वं, काय होते. ती भरायची नाही. पण तोंड वाकडं करायची, तेवढं करायला काकांनी बंदी घातली नव्हती.

गेल्या वर्षीच्या एप्रिलमधली गोष्ट. कोराडी रोडवरच्या एका जुन्या ले-आउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या वसाहतीत, पांढरीपांडे म्हणून कुटुंब राहतं. गिरिधरराव एका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, त्यांच्या पत्नी चारुशीलाबाई. मुलगा गौरांग पुण्याला. प्रेमिला त्यांचे कूलर चार वर्षांपासून रंगवत आली होती. चारुशीलाबाई सदुसष्टच्या, बोलायला फटकळ, पण प्रेमिलाला त्यांनी पहिल्याच दिवशी व्हरांड्यात खुर्ची दिली होती. कोणाच्या घरी आपल्याला खुर्ची मिळाली आणि कोणाच्या घरी पायरी, हे कष्टाची माणसं विसरत नाहीत. त्यातून पुढे एवढं झालं की त्या ले-आउटमधल्या बावीस घरांचे कूलर प्रेमिलाकडे आले, ते सगळे चारुशीलाबाईंच्या शब्दावर.

त्या दिवशी शालिकराम घरीच होता, हात जास्तच थरथरत होता म्हणून. हॉलचा कूलर खाली उतरवून प्रेमिलाने मागच्या अंगणात ठेवला. बेडरूमचा कूलर खिडकीत चालूच होता; तो नंतर करायचा असं ठरलं होतं. गिरिधरराव बँकेत गेले. चारुशीलाबाईंना सर्दी होती, डोकं जड झालं होतं. त्या म्हणाल्या, "प्रेमिला, मी जरा पडते गं. दोन वाजता चहा करू आपण."

"पडा काकू. माहं चालू राहीन."

बाराचं ऊन होतं. अंगणात सावली म्हणून कुठे नव्हती. होती ती फक्त बेडरूमच्या खिडकीखाली, त्या चालू कूलरच्या पोटाशी. कूलरचं पाणी ठिबकून तिथली फरशीही गार झाली होती. प्रेमिलाने मशीन ढकलत नेलं आणि नेमकं तिथे उभं केलं. काकांनी सांगितलं होतं ना, टाकीला ऊन लागू द्यायचं नाही. मशीन घराबाहेर होतं, मोकळ्या आभाळाखाली होतं, सपाट जमिनीवर होतं, सावलीत होतं. चंपतरावांनी सांगितलेलं एकही कलम तिने मोडलं नव्हतं. फक्त चंपतरावांच्या घरी कूलर नव्हता. ते उन्हाळा पंख्याखाली काढायचे. कूलर बाहेरची हवा आत ओढतो आणि त्याच्या पोटाशी ठेवलेल्या इंजिनाचा धूरही तसाच आत ओढेल, हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. प्रेमिलाच्याही आलं नाही. आणि खरं म्हणजे आपल्यापैकीही किती जणांच्या आलं असतं?

तिने नळी लांबवर ओढली, अंगणाच्या दुसऱ्या टोकाला कूलर ठेवून आधी राख उडवली, मग घासलं, मग प्रायमर. इंजिन फटफटत राहिलं. एक बाजू चंदेरी होऊन झाली तेव्हा दोन वाजायला आले होते आणि पेट्रोल संपलं. इंजिन खोकून बंद पडलं.

त्या दिवशी तिला पाच वाजता आणखी एक घर गाठायचं होतं. पेट्रोलची कॅन हाताशी होती. दोन मिनिटांत भरून, दोरी ओढून, पुढची बाजू रंगवता आली असती. कॅनच्या झाकणाला तिने हातही लावला. मग तोंड वाकडं केलं, कानांतले बोळे काढले आणि बसली.

घर एकदम शांत होतं. कूलरची घरघर तेवढी होती. प्रेमिलाची पाण्याची बाटली रिकामी झाली होती. दोन वाजले तरी चहाची हाक कशी नाही, असं तिला वाटलं. चारुशीलाबाई वेळेच्या इतक्या पक्क्या की रेडिओवाल्यांनी त्यांच्याकडे बघून घड्याळ लावावं. तिने मागचं दार वाजवलं. "काकू!" उत्तर नाही. पुन्हा वाजवलं. झोप लागली असेल, असं म्हणून ती परत फिरलीसुद्धा. पण पंधरा मिनिटं अजून बरीच उरली होती आणि दुसरं करायला काही नव्हतं. ती पुन्हा वळली आणि दार ढकललं.

चारुशीलाबाई बेडरूमच्या दारात आडव्या पडल्या होत्या. उठून बाहेर यायचा प्रयत्न केला असावा. उलटी झाली होती, चेहरा लालसर, डोळे अर्धे उघडे. हलवलं तर नुसतं कण्हल्या.

प्रेमिलाने बाईंच्या काखेत हात घालून त्यांना फरफटत पुढच्या व्हरांड्यात आणलं आणि ले-आउट जागा होईल अशी बोंब मारली. शेजारच्या कामिनीताई धावत आल्या, त्या शाळेत शिकवतात. त्यांनी एका नजरेत निदान केलं. "अगं, ऊन लागलंय काकूंना! कांदा आण, कांदा!" दुसऱ्या कोणी ओला टॉवेल आणला. कोणी पन्हं करायला पळालं. नागपुरात एप्रिलमध्ये माणूस कोसळला की दुसरा विचार कोणी करत नाही. आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असतं.

प्रेमिला बाईंचे तळपाय चोळत होती. तेव्हा तिच्या लक्षात आलं, तळपाय गरम नव्हते. ऊन लागलेलं माणूस तिने पाहिलेलं होतं, कुहीला, स्वतःच्या मामाला. हात लावला की चटका बसायचा. ही बाई तर गार होती. आणि सकाळपासून उन्हात गेलीच नव्हती. कूलरच्या खोलीत निजलेल्या माणसाला ऊन लागेल कसं?

कामिनीताई गाडी काढायला गेल्या. प्रेमिला धावत मागच्या अंगणात गेली, बाईंची चप्पल आणायला म्हणून, आणि तिची नजर मशीनवर गेली. इंजिनाच्या धुराड्याचं तोंड वरच्या बाजूला. त्याच्या हातभर वर कूलरची ओली जाळी, आणि जाळीच्या पलीकडे तो पंखा, सगळं आत ओढत बसलेला. चप्पल न घेताच ती परत धावली.

गाडीत बाईंचं डोकं तिच्या मांडीवर होतं. गाडी जवळच्याच हॉस्पिटलात पोचली.

तिथे डॉक्टर मिनल म्हणून तरुण बाई होत्या. त्यांनी झटपट तपासलं. कामिनीताईंनी सांगितलं, "ऊन लागलंय." डॉक्टरांनी बोटाला लावायचं ते छोटं मशीन लावलं. त्यावर आकडा आला अठ्ठ्याण्णव. "ऑक्सिजन तर छान आहे," त्या म्हणाल्या, "पण ताप नाही, आणि बीपी..." त्यांनी सलाइन लावायला सांगितलं. मग सगळ्यांकडे बघून विचारलं, "घरी आणखी काही झालं होतं का? कोणाला काही आठवतंय? काहीही असू द्या."

कामिनीताई म्हणाल्या, "नाही हो. झोपल्या होत्या बिचाऱ्या."

आता प्रेमिलाला खोटं बोलायची गरजच नव्हती. नुसतं गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहणं हे फार सोपं काम. त्याला ऑइल लागत नाही की पेट्रोल लागत नाही. ती गप्प राहिली असती तर लोकांनी तिला देवमाणूस म्हटलं असतं. म्हणत होतेच, "बाई होती म्हणून कळलं तरी!" आणि बोलली, तर बावीस घरांची दारं एका दिवसात बंद. अख्ख्या वर्षाची कमाई या चार महिन्यांत. घरी थरथरत्या हाताचा नवरा. पोलीस आले तर? हे सगळं तिच्या मनात आलं. आलं नाही असं सांगितलं तर मी तिची खोटी तारीफ केल्यासारखं होईल. नर्सने सलाइनची सुई लावून होईपर्यंतचा वेळ ती गप्प उभी होती.

मग तिने बाईंच्या पायांकडे पाहिलं. चादरीतून बाहेर आलेले ते दोन गार तळपाय.

"डॉक्टरबाई," ती म्हणाली, "ऊन नाही लागलं यांईले. माह्या मशीनचा धूर लागला."

सगळे वळले.

"पेट्रोलचं मशीन होय. मी कूलरच्या खाली ठेवलं होतं. कूलरनं सारा धूर अंदर ओढला. दीड-दोन घंटे चालू होतं. माही चूक आहे. पन तुमी ऊन समजू नोका."

डॉक्टर मिनल ज्या काही हलल्या! सलाइनचं राहू द्या, आधी मास्क लावा, पूर्ण ऑक्सिजन, रक्त तपासायला पाठवा, मोठ्या हॉस्पिटलला फोन करून विचारा. धावपळीतच त्यांनी कामिनीताईंना समजावलं. हा विषारी वायू रक्तात शिरला की रक्तच फसतं आणि बोटाला लावलेलं मशीनही फसतं. ते अठ्ठ्याण्णवच दाखवत राहतं. "यांनी सांगितलं नसतं, तर तो आकडा बघून मी ऑक्सिजन लावायला उशीर केला असता," त्या म्हणाल्या. "आणि यात उशीर फार वाईट."

प्रेमिला भिंतीशी खाली बसली. कामिनीताई तिच्यापासून दोन पावलं बाजूला सरकल्या. तेही तिला दिसलं.

संध्याकाळी चारुशीलाबाईंनी डोळे उघडले. गिरिधररावांचं नाव बरोबर घेतलं, वार बरोबर सांगितला आणि "माझा चष्मा कुठे आहे?" असं खेकसून विचारलं, तेव्हा डॉक्टर हसल्या. देव तारी त्याला कोण मारी म्हणतात. प्रेमिलाला मात्र ठाऊक होतं की देवाने त्या दुपारी खापरखेड्याच्या एका तिरसट म्हाताऱ्याची आठी उसनी घेतली होती. ती पंधरा मिनिटं नसती, तर तिने पेट्रोल भरून पुन्हा फटफट सुरू केली असती आणि कानांत कापूस घालून चंदेरी रंग मारत बसली असती. त्या रात्री तिने शालिकरामच्या फोनवरून चंपतरावांना फोन लावला. नुसतीच रडली. ते म्हणाले, "काहून रडून राहिली वं? कोनी मेलं का?"

"नाही काका. कोनी नाही मेलं."

"मंग रडाले काय झालं?"

तिने सगळं सांगितलं. म्हातारा म्हणाला, "कूलरचं मले सुचलंच नाही पोरी. हे मी बी आता साऱ्याईले सांगन."

पुढचे पाच दिवस प्रेमिलाचे कसे गेले ते तिलाच ठाऊक. ले-आउटमधून तीन घरांनी फोन करून काम नको म्हणून सांगितलं. बाकीच्यांनी तेवढीही तसदी घेतली नाही. मशीन पांढरीपांड्यांच्या अंगणातच पडून होतं, ते आणायला जायची हिंमत होत नव्हती. शालिकराम म्हणाला, "बोलली नसती त बरं झालं असतं का?" तिने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने लगेच विषय बदलून भाजीत मीठ कमी असल्याचं सांगितलं.

सहाव्या दिवशी गिरिधररावांचा फोन आला. "चारुशीला घरी आली आहे. तिने बोलावलंय."

दोघं नवराबायको गेली. पुण्याहून गौरांग आलेला होता. दारातच त्याने प्रेमिलाला गाठलं. डोळे तांबारलेले. "तुम्हाला एवढं कळू नये? आई गेली असती तर? मी तक्रार करणार होतो, माहितीये?"

"करा भाऊ," प्रेमिला म्हणाली. "माहीच चूक आहे. मी नाही म्हनत नाही."

गौरांग दारातून बाजूला झाला.

"गौरांग, पुरे," आतून आवाज आला. चारुशीलाबाई काठी टेकत व्हरांड्यात आल्या. चेहरा उतरला होता, पण आवाजातली धार तशीच. त्या खुर्चीत बसल्या आणि दुसऱ्या खुर्चीकडे बोट दाखवलं. प्रेमिला बसेना. "बस म्हटलं ना!" तेव्हा ती टेकली.

"शेजारणी म्हणाल्या ऊन लागलं," चारुशीलाबाई मुलाला म्हणाल्या. "चांगल्या मनानेच म्हणाल्या. त्या बोटाच्या मशीनने सांगितलं सगळं ठीक आहे. तू पुण्यात, तुझे बाबा बँकेच्या रांगेत. तिथे खरं माहीत असलेलं माणूस एकच होतं. आणि खरं सांगून नुकसान होणार होतं तेही त्याच माणसाचं. मी पाच दिवस पलंगावर पडून हाच विचार केला. मी असते तर बोलले असते का? मला नाही सांगता येत."

गौरांग आत गेला, आणि पाण्याचे दोन ग्लास घेऊन बाहेर आला. एक शालिकरामला दिला, एक प्रेमिलाला. तिचा ग्लास दोन्ही हातांनी दिला.

चारुशीलाबाईंनी प्रेमिलाचा हात हातात घेतला. रंगाने डागाळलेला, थिनरने भेगाळलेला हात. "तुझे उपकार आहेत गं माझ्यावर," त्या म्हणाल्या.

प्रेमिलाने जन्मभर लोकांचे उपकार मानले होते. जुन्या साडीचे, उरलेल्या भाताचे, ठेक्यावर दिवस वाढवून देणाऱ्या मुकादमाचे. आपण केलेली चूक आपल्याच तोंडाने सांगितली म्हणून कोणी आपले उपकार मानेल, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. तिला रडू आवरेना. शालिकरामही थरथरत्या हाताने डोळे पुसत होता आणि ऊन फार आहे असं काहीतरी पुटपुटत होता.

"आता रडणं झालं असेल तर ऐक," चारुशीलाबाई म्हणाल्या. "माझा हॉलचा कूलर मागे पडलाय. एक बाजू चंदेरी आणि तीन बाजू लाल. हे म्हणतात भंगारात देऊ. मी म्हटलं, प्रेमिला पुरा करेल. आणि कामिनी विचारत होती, तिचा कधी करतेस म्हणून."

प्रेमिलाने हात सोडवून घेतला. "नाही काकू. तुमच्या घरी मशीन चालवाची माही हिंमत नाही आता."

"माझी आहे ना," चारुशीलाबाई म्हणाल्या.

मग प्रेमिला उठली. शालिकराम आणि ती मिळून मशीन ढकलत फाटकापाशी घेऊन गेले, रस्त्याच्या कडेच्या कडुनिंबाखाली, घराच्या सगळ्या खिडक्यांपासून लांब. तिने ओंजळभर सुकी पानं वर फेकून वारा कुठला आहे ते पाहिलं. रस्त्याकडे जात होता. गिरिधररावांना घरातले सगळे कूलर बंद करायला लावले. शेजाऱ्यांच्या खिडकीतला कूलर चालू होता, तर गौरांग स्वतः जाऊन तो बंद करायला सांगून आला. ऑइल पाहिलं, पेट्रोल भरलं, पाणी काढलं, कडी ओढली, जाळी हलवली. दोरीला हात घातला आणि पुन्हा थांबली.

तिने वळून व्हरांड्याकडे पाहिलं. चारुशीलाबाई खुर्चीत बसल्या होत्या, मोकळ्या हवेत, आणि चहा फार गोड झालाय म्हणून नवऱ्याला बोलत होत्या. प्रेमिला ते बोलणं संपेपर्यंत ऐकत उभी राहिली, आणि मग तिने कानांत कापूस घातला.